ब्रेकचे तीन दिवस

मे महिन्यातली दुपार, बडोद्याच्या वाघोडिया रोडवरून शहराकडे निघालेली शेअर रिक्षा, आणि मृदुला मोहितेच्या मांडीवर काचेच्या बाटल्यांनी भरलेलं लाकडी खोकं. खड्डा आला की ती दोन्ही हातांनी खोकं वर उचलायची. स्वतः आपटली तरी चालेल, बाटल्या आपटता कामा नयेत, असा तिचा एकूण पवित्रा होता. शेजारी बसलेला उंच, सडसडीत माणूस हा खेळ बराच वेळ बघत होता. एका मोठ्या खड्ड्याला तिच्या तोंडून “आई गं!” निघालं, तेव्हा ती मराठी आहे हे कळून त्याला भाषा सापडली.

“मी धरू का थोडा वेळ?”

“नको. सवय आहे मला.”

“लोणचं आहे?”

“माश्या आहेत,” ती सरळ पुढे बघत म्हणाली.

असं उत्तर दिलं की माणसं गप्प बसतात, हा तिचा बऱ्याच वर्षांचा अनुभव. हा काही गप्प बसला नाही. जरा पुढे झुकला, बाटलीत डोकावला आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, “पाळलेल्या, की धरून आणलेल्या?”

तिला हसू आलं... ते ती दाबतेय तोवर रस्त्यात म्हैस आडवी आली आणि रिक्षावाल्याने रिक्षा करकचून थांबवली. खोकं कलंडलं. एका बाटलीचा कापसाचा बोळा उडाला आणि केळ्यांवर असतात तसल्या बारीक, तांबूस माश्या रिक्षाभर झाल्या.

“अरे बेन! आ शुं लई आव्या?” हे काय आणलंत म्हणून रिक्षावाला ओरडला. पलीकडच्या मावशींनी पदर नाकाला लावला.

तो माणूस मात्र ओरडला नाही. त्याने बाटली उचलली, तिचं बूड तळहातावर दोनदा हलकेच आपटलं, माश्या खाली पडल्या तसा तोंडावर रुमाल दाबला आणि मग बोळा शोधून नीट बसवला. मृदुला त्या हातांकडे बघत राहिली. आधी आपटायचं आणि मग झाकायचं, हे ज्याने वर्षानुवर्षं असली कामं केली त्यालाच सुचतं.

“तुम्ही लॅबमध्ये काम करता,” ती म्हणाली.

“करत होतो. जर्मनीत, तीन वर्षं. उद्यापासून इथे, विश्वामित्री जीवविज्ञान केंद्रात. आज कागदपत्रं द्यायला गेलो होतो. मी हेरंब वैशंपायन.”

“मृदुला मोहिते. मीही तिथलीच.”

“तिथल्याच? मग भर कामाच्या दिवशी बाटल्या घेऊन घरी कशा?”

“उद्यापासून मी नाहीये.”

“म्हणजे?”

“म्हणजे अकरा महिने असते, तीन दिवस नसते. मग पुन्हा अकरा महिने असते.”

गोष्ट अशी होती. केंद्रात मृदुलासारखी पीएच.डी. होऊन ‘रिसर्च असोसिएट’ या भारदस्त नावाखाली राबणारी माणसं अकरा महिन्यांच्या करारावर असायची. करार संपला की तीन दिवसांचा ब्रेक. त्या दिवसांत हजेरीपटावर नाव नाही, पर्समध्ये लॅबची किल्ली नाही, फाटकातून आत पाऊल नाही. चौथ्या दिवशी नवी ऑर्डर हातात, जणू आजच कामाला लागलात. सेवा सलग भरली तर माणूस ‘मला कायम करा’ म्हणून कोर्टात जाईल, ही वरच्यांची धास्ती. माणसांना हे समजावता येतं, माश्यांना कसं समजावणार? मृदुलाच्या खोलीत ती एकटीच, त्यामुळे ब्रेकमध्ये तिथला ए.सी. बंद व्हायचा, आणि बडोद्याच्या मेमध्ये थंडाव्यात वाढलेल्या माश्या दोन दिवसांत मरून पडायच्या. म्हणून दर खेपेला ती त्या बाटल्या घरी न्यायची आणि आईच्या माठाशेजारी ओल्या पोत्यावर ठेवायची.

हेरंबने सगळं ऐकून घेतलं. त्याच्या कॉलरवर दोन माश्या बसल्या होत्या.

“ह्या दोन तुमच्या राहिल्या,” तो म्हणाला.

“ठेवा तुम्हालाच. बाहेरची हवा लागलेल्या मी परत घेत नाही.”

“मीपण बाहेरचीच हवा खाऊन आलोय,” तो हळूच म्हणाला. “मला तरी घेतील का?”

आता मात्र ती हसली. दांडिया बाजारात उतरून घरी पोचेपर्यंत हसू तसंच राहिलं. पोतं ओलं करताना आईने विचारलं, “काय गं, ऑर्डर कायमची आली की काय?” तेव्हा कुठे ते मावळलं.

चौथ्या दिवशी मृदुला कामावर गेली, तर तिच्याच टेबलाशी हेरंब बसलेला.

“ऑफिसने सांगितलं, हे टेबल रिकामं आहे,” तो उठत म्हणाला.

“टेबल रिकामं नव्हतं. मी नव्हते.”

“मग अर्धं अर्धं करू. तुम्ही जवळपास नसताना मला इथे करमलंही नाही.”

हे इतक्या साधेपणाने म्हटलं होतं, की रागवावं की काय करावं ते तिला कळेना. तिने आपल्या ब्रशांचा डबा उगाच डावीकडून उजवीकडे ठेवला.

हेरंबला परदेशातून परतणाऱ्यांसाठीची दिल्लीची फेलोशिप होती. दोन वर्षांची. तिला ब्रेक नव्हता, पण पुढेही काही नव्हतं. वडील रिफायनरीतून निवृत्त झालेले, आई आजारी. ‘आपल्या देशात येऊन काहीतरी करावं’ असं विमानात बसताना त्याला खरंच वाटलं होतं. तो यीस्टवर काम करायचा. मृदुलाचं काम माश्यांवर. लहरीपुऱ्यातल्या फळवाल्याच्या गाडीवरून धरलेल्या माश्या तिने सहा वर्षं, अर्ध्या गरम खोलीत आणि अर्ध्या थंड खोलीत, वाढवल्या होत्या, पिढ्यान् पिढ्या. उन्हाळा वाढत गेला तर जिवंत राहण्याची ताकद लेकरांपर्यंत पोचते का, कशी पोचते, हा तिचा प्रश्न. तिचे वडील दत्ताजीराव मात्र पाहुण्यांना वेगळं सांगायचे, “आमचे पणजोबा बडोदे सरकारच्या पागेत घोडे सांभाळायचे. आमची मुलगी चिलटं सांभाळते.”

दर बुधवारी माश्यांचं जेवण शिजायचं. मक्याचं पीठ, गूळ, घट्ट व्हायला अगर-अगर, आणि वरून यीस्ट. गुळाचा वास पार जिन्यापर्यंत जायचा. हेरंब पातेलं ढवळायला यायला लागला.

“तुझ्या माश्या माझ्या यीस्टवर जगतात,” एके दिवशी तो म्हणाला. अहो-जाहो कधी गळून पडलं ते दोघांनाही कळलं नव्हतं. “म्हणजे आपलं जुनं नातं निघालं, बाईसाहेब.”

“हो ना. खाणाऱ्याचं आणि खाल्ल्या जाणाऱ्याचं.”

“मग खा की. मी कुठे पळतोय?”

“ढवळ नीट. तळाला लागतंय.”

तिने त्याला माश्या ओळखायला शिकवलं. कोषातून बाहेर आल्यापासून आठ तासांच्या आत माद्या वेगळ्या काढायच्या. उशीर झाला की त्यांची कुणाशी तरी जोडी जमते आणि प्रयोग फुकट जातो.

“आठ तास?” हेरंब सूक्ष्मदर्शकातून डोकं वर काढून म्हणाला. “आणि मी मेपासून वाट बघतोय...”

तिचा ब्रश जागच्या जागी थांबला. कान गरम झाले. त्या संध्याकाळी तिने माद्यांच्या बाटलीत चुकून दोन नर टाकले, हे मात्र सांगायला हवं. सहा वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

ऑगस्टात दोन दिवस पाऊस धो धो कोसळला. विश्वामित्री नदी फुगली, पुलावरची वाहतूक थांबली, आणि दोघं शेव-उसळीच्या गाडीच्या ताडपत्रीखाली अडकली. प्लेटमधून वाफ येत होती. मृदुलाची ओली वेणी हेरंबच्या बाहीला लागत होती, आणि दोघंही सरकत नव्हती.

“किती मुलाखती दिल्यास आजवर?” त्याने विचारलं.

“मोजायचं सोडलंय. एका ठिकाणी तर मी आत जायच्या आधीच निवड झालेला बाहेर पेढे वाटत होता. मलापण दिला.”

“घेतलास?”

“भूक लागली होती रे.”

तो हसला नाही. “जर्मनीतही हेच. एकेका जागेला दोनशे अर्ज. तिथला माझा शेजारी एक्केचाळीस वर्षांचा होता, चौथ्या तात्पुरत्या पोस्टडॉकवर होता. म्हणायचा, पुढचं वर्ष बरं जाईल. त्याच्याकडे बघून मी पळून आलो. इथे आलो तर... आगीतून फुफाट्यात.”

“इथे प्राध्यापक निवृत्त झाला की त्याची जागाच गोठवतात,” ती म्हणाली. “माणूस येतच राहतो सवयीने, खुर्ची मात्र जाते. माझा आतेभाऊ रणवीर, बी.कॉम.ला दोनदा नापास. सहा महिन्यांचा कॉम्प्युटर क्लास केला आणि अमेरिकेला गेला. सगळा देश खुला झाला म्हणतात ने, मग आमचंच दार काय म्हणून बंद राहिलं?”

हे बोलताना तिच्या मराठीत बडोद्याचं गुजराती ‘ने’ शिरलं, आणि डोळे भरून आले. तिला स्वतःची चीड आली. चौतिसाव्या वर्षात पदार्पण केलेल्या बाईने भर रस्त्यात, कांदा चावत, रडू नये. हेरंबने आपला रुमाल पुढे केला. रुमालाला यीस्टचा आंबूस वास होता. त्याच क्षणी मृदुलाला कळून चुकलं, की आपण ह्या माणसाच्या प्रेमात पडलोय, आणि हे फार वाईट वेळी झालंय.

वाईट यासाठी, की दोन अधांतरी माणसांनी एकमेकांना धरलं तर दोघंही अधांतरीच राहतात. नवरात्रात हेरंब तिच्या घरी येऊन गेला. दत्ताजीरावांनी प्रेमाने चहा पाजला, चिवड्याची बशी पुढे केली आणि तो गेल्यावर म्हणाले, “मुलगा सोन्यासारखा आहे. पण दोन वर्षांच्या जावयाला मुलगी कशी द्यायची, मृदुला? आणि तूही अकरा महिन्यांची. तुमच्यापैकी एकाचे तरी पाय जमिनीला लागू देत.” आई ओट्यापाशी पुटपुटली, “नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं.”

राग यायला हवा होता. पण वडिलांचं चुकलं कुठे, हे मृदुलाला सांगता येईना. तेव्हापासून दोघांचं ठरून गेलं. एकाला कायमची नोकरी लागली, की लगेच लग्न. ज्याला लागेल त्याला लागेल, दुसऱ्याने मग काय वाटेल ते करावं.

आणि मार्चमध्ये जाहिरात आली. केंद्रात, नऊ वर्षांनी, एक जागा. कायमची. वयाची अट पस्तीस. पुढची जाहिरात कधी येईल ते देवालाच ठाऊक, आणि ती येईल तेव्हा दोघंही अटीच्या पलीकडे गेलेली असणार. अर्ज दोघांनीही केला.

“तुला मिळाली तर मी खूश,” हेरंब म्हणाला. “मला मिळाली तर तू खूश होशील का, ते सांग.”

“आधी रडेन. मग खूश होईन.”

“आणि तिसऱ्याच कुणाला मिळाली तर?”

मृदुलाने आपल्या अर्जाचं पाकीट चिकटवलं. विभागप्रमुख अविनाश सर भला माणूस. प्रत्येक अडचणीला “मी वर बोलतो” म्हणायचे, आणि खरंच बोलायचे, वरचे ऐकायचे नाहीत इतकंच. ते मृदुलाला म्हणाले, “तुझा शेवटचा निकाल मुलाखतीआधी हातात हवा. तो दाखवलास, तर तुला कुणी नाही म्हणू शकणार नाही.”

शेवटचा निकाल म्हणजे गरम खोलीतल्या आणि थंड खोलीतल्या माश्यांचा संकर. माश्या कोषातून बाहेर पडणार होत्या एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात. आणि मृदुलाचा ब्रेक नेमका त्याच तीन दिवसांत आला.

बाटल्या घरी नेऊन भागणार नव्हतं. सूक्ष्मदर्शकाखाली सकाळ-संध्याकाळ माद्या वेगळ्या काढायच्या होत्या. हेरंब ते करू शकला असता, पण त्याचा हात यीस्टचा. कोवळ्या माश्यांत तो अजून चुकायचा, आणि एक चूक म्हणजे आख्खी बाटली फुकट.

“मागच्या दाराने ये,” तो म्हणाला. “माझ्याकडे किल्ली आहे. महावीर जयंती, गुड फ्रायडे, लागून सुट्ट्या आहेत. कुत्रं नसेल तिथे.”

“सापडले तर? ब्रेकमध्ये आत काम केलं असं कागदावर आलं, तर सेवा सलग झाली. त्याला हे लोक आगीपेक्षा जास्त घाबरतात.”

“आणि नाही आलीस तर?”

ती आली.

ते तीन दिवस... मृदुलाच्या आयुष्यात तसे दिवस आधी आले नव्हते, पुढेही आले नाहीत. इमारतीत चिटपाखरू नाही. बाहेर उन्हाने डांबर वितळतंय, आत पडदे ओढलेले. ती सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसलेली, हेरंब बाटल्यांवर चिठ्ठ्या लावतोय. दुपारी त्याच्या डब्यातली पोळी-भाजी अर्धी अर्धी. कुणी कुणाचं नसल्यासारखं ते केंद्र, आणि त्यात फक्त ती दोघं.

“मी आत्ता इथे नाहीये,” दुसऱ्या दिवशी ती ब्रश चालवत म्हणाली. “कागदोपत्री मी कुठेच नाहीये.”

“बरंय. जी कुठेच नाही, तिला काहीही सांगता येतं.”

“काय सांगायचंय?”

“माझं तुझ्यावर प्रेम आहे. त्या रिक्षातल्या दिवसापासून. नोकरी लागल्यावर सांगणार होतो, पण नोकरी लागण्याचं काही खरं नाही... तोवर हे नासून जाईल, असं वाटायला लागलं.”

मृदुलाने डोळे सूक्ष्मदर्शकावरून काढले नाहीत. समोरच्या माश्या मात्र तिला दिसेनाशा झाल्या.

“थांब,” ती कशीबशी म्हणाली. “एवढी एक मादी वेगळी काढू दे. मग रडते.”

तिने ती मादी अलगद उचलून बाटलीत सोडली, बोळा बसवला आणि मग त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून खरंच रडली. सुखाने रडली, आणि भीतीनेही.

निकाल आला. उन्हात तग धरणाऱ्यांची लेकरं उन्हात तग धरत होती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघं मागच्या दाराने बाहेर पडली, तर समोर प्रशासनाधिकारी गोविंदराव. सुट्टीच्या दिवशी आपला विसरलेला चष्मा न्यायला आलेले.

“मृदुलाबेन, तुमचा तर ब्रेक ने?” त्यांनी विचारलं. उत्तराची वाट न बघता ते आत निघून गेले.

मुलाखत मेच्या मध्यावर झाली. दोनच दिवसांपूर्वी पोखरणला अणुस्फोट झाले होते. गावभर फटाके, वर्तमानपत्रांत विज्ञानाचा जयजयकार, लहरीपुऱ्यात मिठाईवाल्यांच्या दुकानांवर तिरंगे. केंद्रातही पेढे वाटले गेले. शास्त्रज्ञांनी देशाची मान उंचावली, असं ज्याने त्याने म्हटलं. दहा-बारा शास्त्रज्ञ तेव्हा व्हरांड्यातल्या बाकावर एका जागेसाठी घाम पुसत बसले होते.

मृदुलाचं नाव आधी पुकारलं. निकालाबद्दल तिने सांगितलं तेव्हा समितीतले दोघं खुर्चीत पुढे सरकले. मुंबईहून आलेले वयस्कर गृहस्थ तर “वा!” म्हणाले. मग गोविंदरावांनी घसा साफ केला.

“ब्रेकमध्ये तुम्ही आत होता. दार कोणी उघडलं?”

बाहेर बाकावर हेरंब बसलेला. त्याचं नाव पुढचंच. मृदुलाने क्षणभरच विचार केला.

“कुणी नाही. माझी किल्ली परत करायची राहिली होती. चूक माझी आहे. माश्या मेल्या असत्या म्हणून आले. मी कोर्टातबिर्टात जाणार नाही, लिहून देते.”

समितीतले लोक एकमेकांकडे बघून किंचित हसले. वाईट हसू नव्हतं ते. ती बाहेर आली, हेरंबला डोळ्यांनीच ‘बरं झालं’ म्हणाली, आणि तो आत गेला.

दहा मिनिटांनी बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा मोकळा होता. दोघं झाडाखाली जाऊन उभी राहिली.

“तुला विचारलं का दाराचं?” तिने विचारलं.

“विचारलं. तुझ्या एकटीवर कशाला येऊ देईन? खरं ते सांगितलं. किल्ली माझी होती, दार मी उघडलं, तिने तिची आदल्या दिवशीच जमा केली होती. तू काय सांगितलंस?”

तिने सांगितलं.

दूर कुठेतरी फटाक्यांची माळ वाजली.

संध्याकाळी फलकावर एका ओळीची सूचना लागली: एकही उमेदवार योग्य आढळला नाही. जागा परत गेली. अविनाश सर खाली मान घालून लॅबमध्ये आले आणि स्टुलावर बसले.

“तुझं जवळजवळ ठरलं होतं गं,” ते मृदुलाला म्हणाले. “किल्ली राहिली, चूक कबूल केली, समज देऊन घेऊन टाकू, असं सगळे म्हणाले. मग हेरंब आला. गोविंदरावांनी किल्ल्यांचं रजिस्टर मागवलं, तर त्यात तू जमा केल्याची सही. मग ते म्हणाले, खोटं बोलणारीला घ्यायचं, की शिस्त मोडणाऱ्याला? मी बोललो वर... खूप बोललो.”

सर गेले. हेरंब भिंतीला टेकून उभा होता, पांढराफटक.

“तू गप्प बसला असतास...” मृदुला म्हणाली. “फक्त गप्प बसला असतास, हेरंब! ‘मला माहीत नाही’ म्हणाला असतास!”

“मला काय माहीत तू खोटं बोलशील? तू माश्यांचे आकडेसुद्धा दुसऱ्यांदा तपासतेस!”

“तुझ्यासाठी बोलले!”

“मीही तुझ्यासाठीच बोललो!”

तेल गेलं, तूप गेलं. आदल्या रात्री एकमेकांना एक शब्द विचारला असता तर काम झालं असतं. पण विचारलं असतं तर दुसऱ्याने अडवलं असतं, म्हणून दोघांनीही विचारलं नव्हतं. खोटं बोलायची वेळ मृदुलावर आयुष्यात एकदाच आली, आणि नेमका त्याच दिवशी तिच्या प्रेमात पडलेला माणूस खरं बोलला.

तिचा करार मुदतीआधीच संपवला गेला. हेरंबला ‘फेलोशिप दुसऱ्या संस्थेत न्यावी’ असं तोंडी सांगण्यात आलं. माश्या सांभाळायला कुणी नव्हतं. मृदुलाने तीन-चार गावांना फोन केले. सगळीकडे तिच्यासारखीच अकरा महिन्यांची माणसं, कोण घेणार? शेवटच्या दिवशी तिने एकेक बाटली उघडून तेलाच्या भांड्यात उलटी केली. सात वर्षांच्या पिढ्या. हेरंब मदतीला पुढे झाला तेव्हा ती म्हणाली, “हात लावू नकोस.” तो दारात उभा राहिला, सगळ्या बाटल्या रिकाम्या होईपर्यंत.

जूनभर ती त्याच्याशी बोलली नाही. तो रोज संध्याकाळी सूरसागर तलावाच्या कठड्यावर येऊन बसायचा, कारण तिची घरी जायची वाट तीच. हाक मारायचा नाही. नुसता बसायचा. एका संध्याकाळी ती त्याच्यासमोर येऊन थांबली.

“मला तुझा राग येतो,” ती म्हणाली. “सकाळी डोळे उघडले की पहिला तुझाच राग येतो.”

“यायलाच हवा.”

“माझं सगळं गेलं, हेरंब. मला दुसरं काही येत नाही.”

“माहीत आहे.”

“आणि हे ज्याला सांगावं असा तुझ्याशिवाय दुसरा माणूस नाही. आई म्हणते, बरं झालं, सुटलीस. फक्त तुला कळतं काय गेलं ते.” ती कठड्यावर त्याच्या शेजारी बसली. “लग्न करू या. आता वाट तरी कसली बघायची?”

हेरंबने तिचा हात धरला. आनंद झाला होता, पण आनंदाला तोंड वर करून बघायची हिंमत नव्हती.

जुलैत रजिस्टर पद्धतीने लग्न झालं. दत्ताजीरावांनी जावयाला फेटा बांधला; गाठ मात्र तीनदा सोडून बांधली. हेरंब मकरपुऱ्याच्या एका कंपनीत प्रयोगशाळेची उपकरणं विकायला लागला. मृदुला रावपुऱ्यातल्या क्लासमध्ये मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचं जीवशास्त्र शिकवू लागली. मुलांना ती आवडायची. पगार केंद्रापेक्षा जास्त होता, हे तर कुणाला सांगूनही खरं वाटलं नसतं.

पुढच्या हिवाळ्यात एका शनिवारी हेरंबला डभोईच्या कॉलेजात सूक्ष्मदर्शक दाखवायला जायचं होतं. ती सोबत गेली. कॉलेजने एक घेतला. परतीच्या बसमध्ये दोघांना शेजारी जागा मिळाली. खिडकीबाहेर तुरीची शेतं मागे पडत होती. प्राचार्यांच्या खोलीत तिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला होता आणि लगेच बाजूला झाली होती, ते हेरंबने पाहिलं होतं.

“एक विचारू?” तो म्हणाला. “पश्चात्ताप होतो का गं तुला?”

“होतो,” ती म्हणाली. “रोज. तुला?”

“रोज.”

तिने शाल सारखी केली, अर्धी त्याच्या गुडघ्यांवर टाकली आणि डोकं त्याच्या खांद्याला टेकवलं.

“मग चालेल,” ती म्हणाली. “मला एकटीला झाला असता, तर मी जगले नसते.”